शेऱ्याचा रकाना

ऑफिसात तिला चाळणी म्हणत. तोंडावर बाई, पाठीमागे चाळणी. आणि पाठीमागचे नाव तिला ठाऊक आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होते.

नाव पडले त्याला सहा वर्षे झाली. एका डॉक्टरने एका दिवसात एकशे दहा रुग्णांना फोनवरून सल्ला दिला म्हणून सरकारी आरोग्य विम्याकडे दावे लावले होते. बाकीच्या टेबलांवरून ते सुखरूप पुढे सरकले. तिच्या टेबलावर आले तेव्हा तिने एकशे दहा नावे मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिली. तिघेजण सल्ला मिळण्याच्या आधीच गेलेले निघाले. त्यानंतर नियम झाला. डॉक्टर लांबच्या शहरात असला तरी चालेल, पडद्यावर दिसला तरी पुरे. पण रुग्ण मात्र योजनेने मान्य केलेल्या केंद्रात, तिथल्या पडद्यासमोर हजर हवा. तसा असेल तरच त्या सल्ल्याचे पैसे मिळतील. रुग्ण घरून बोलला तर मिळणार नाहीत.

नियम तिला तेव्हा पटला होता आणि अजूनही पटत होता. ती फक्त थकली होती. वय छप्पन्न, निवृत्तीला दोन वर्षांना थोडे कमी. पूर्वी दिवसाला चाळीस दावे तपासायचे असत, आता एकशे साठ. टेबल तेच, खुर्ची तीच, खुर्चीच्या पाठीमागे अडकवलेली उशी तेवढी नवी होती.

मंगळवारी साहेबांनी आत बोलावले. साहेब तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान होते आणि अवघड काम सांगताना नेहमी आवाज मऊ करत.

"बसा बाई. छोटंसंच काम आहे."

साहेबांनी काम छोटे म्हटले की तिला ते किमान आठवडाभर पुरायचे.

त्यांनी एक छापील यादी पुढे सरकवली. गेल्या तीन महिन्यांतले एक्केचाळीस दावे. केंद्र एकच, दगडखाणीच्या वरच्या वस्तीतले. डॉक्टर एकच, फुप्फुसांचे. आणि तारखा सगळ्या गुरुवारच्या.

"गुरुवारी ते केंद्र बंद असतं," साहेब म्हणाले. "लेखापरीक्षणवाल्यांच्या कॉम्प्युटरने पकडलं. आता मला सांगा, कुलूप लावलेल्या केंद्रात एक्केचाळीस वेळा रुग्ण बसले कुठे? कौलांवर?"

"नोंदी कोण करतं तिथे?"

"सिस्टर आहे एक. नऊ वर्षं कंत्राटावर. तिने माहिती दडवून खोटी नोंद केली हे सिद्ध झालं की कंत्राट रद्द, आणि पुढे कुठल्याही सरकारी दवाखान्यात तिला दार बंद. तुम्ही जाऊन बघून या. सोमवारी टिपण द्या. तुमचं टिपण असलं की वर कोणी शंका काढत नाही."

ती बाहेर आली तेव्हा शेजारच्या टेबलावरचा वसुलीचा कारकून वाटच पाहत होता. दिलेले पैसे परत मागणे हे त्याचे काम. त्याला सगळे वसुलीच म्हणत.

"चाळणी निघाली वाटतं दौऱ्यावर," तो म्हणाला. "आता कोणाचा कोंडा होतोय बघू."

"तुमचं तोंड बंद ठेवायचा काही फॉर्म आहे का?"

"आहे ना. पण तो मंजूर तुम्हीच करायचा. एकशे एकसष्टावा."

संध्याकाळी तिने मामंजींच्या डोळ्यांत थेंब घातले. नवरा जाऊन अकरा वर्षे झाली होती. तेव्हापासून दोन खोल्यांच्या त्या घरात सून आणि सासरा अशी दोघेच राहत. मामंजी एक्क्याऐंशीचे. उभा जन्म वजने-मापे तपासण्यात गेला. थेंब पडताना ते खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवत, जणू खुर्ची पळून जाणार आहे.

"त्या बाईला बघायला चाललीस की पकडायला?"

"बघायला."

"उगीच सांगू नकोस. निरीक्षक कधी बघायला जात नसतो. मी एकतीस वर्षं तागड्या तपासल्या. एखाद्याचं वजन बरोबर निघालं की मला त्याचाच राग यायचा. एवढ्या लांब आलो आणि फेरी फुकट गेली म्हणून."

"हलू नका. दुसरा डोळा राहिलाय."

"तो चांगला आहे. तोच आधी घालायचा होतास."

गुरुवारी ती पहिल्या बसने निघाली. अडीच तासांनी उतरली तेव्हा रस्त्यापासून झाडांच्या पानांपर्यंत सगळे पिठासारखे पांढरे दिसत होते. खाण खाली, वस्ती वर, आणि मध्ये दगडी पायऱ्यांची वाट. वीस पायऱ्या चढायची, थांबायची. तिच्या पुढे एक म्हातारी डोक्यावर गाठोडे घेऊन चढत होती. ती एकदाही थांबली नाही.

केंद्राला कुलूप होते. दारावर पाटी: गुरुवार बंद. खिडकीच्या काचेवरची धूळ बोटाने पुसून तिने आत पाहिले. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर काळा पडदा, त्याच्यासमोर रुग्णाने कुठे बसायचे ते दाखवणारा जमिनीवरचा पिवळा चौकोन. सगळे नियमाप्रमाणे, आणि रिकामे.

समोरच्या दोरीवर कपडे वाळत घालणारी बाई तिच्याकडे बघत होती.

"सिस्टर हवीय का? ती फेरीवर आहे. या गल्लीतल्या पायऱ्यांनी वर जा."

"कुठल्या घरी?"

"मशिनचा आवाज येईल त्या. तीन घरांत येईल, पण आज ती मधल्यात असेल."

आवाज आला. गुरगुर, मग सुस्कारा, पुन्हा गुरगुर. हवेतला प्राणवायू वेगळा काढून नळीतून देणारे ते यंत्र होते. दार उघडेच होते. खिडकीशी खाटेवर एक माणूस बसल्यासारखा रेललेला होता. नाकात नळी, पाठीशी चार उशा. तो खाणीत सुरुंग लावायचा आणि वस्तीत अजून त्याला सुरुंगवालाच म्हणत. वय बावन्न, हे तिला यादीतून माहीत होते. दिसायला तो मामंजींचा भाऊ शोभला असता. पायाशी त्याची बायको उभी होती. आणि स्टुलावर पालथ्या पातेल्याला टॅबलेट टेकवून, त्याचा कोन जमवत, दणकट बांध्याची, पंचेचाळिशीची सिस्टर बसली होती. टॅबलेटवर फुप्फुसांचे डॉक्टर दिसत होते. चेहरा ओढलेला, मागे भिंतीवर कॅलेंडर.

"एका श्वासात आकडे म्हणा," डॉक्टर म्हणाले. "जमतील तेवढे."

सुरुंगवाल्याने सुरुवात केली. सातावर आवाज संपला.

"गेल्या वेळी नऊ झाले होते."

"मी... हिशोबात कच्चाच, डॉक्टर," तो दम खात म्हणाला. "म्हणून तर... खाणीत गेलो."

"बोलायला लागला की दम पुरतो बघा यांना," बायको म्हणाली. "आकडे म्हणायला नाही पुरत."

"सिस्टर, मला ओठ दाखवा. जवळ आणा. उजेडाकडे वळवा जरा. हं. औषधाचा डोस वाढवू या."

सिस्टरने मान वर केली तेव्हा तिला दारातली बाई आणि बाईच्या गळ्यातले ओळखपत्र दिसले. ती दचकली नाही.

"विम्याच्या का?"

"हो."

"बसा. चार मिनिटं लागतील अजून."

सहा लागली. मग दोघी बाहेर पायरीवर बसल्या. सुरुंगवाल्याच्या बायकोने न विचारता दोघींच्या हातात चहा दिला आणि ती आत गेली. दार मात्र तिने ओढून घेतले नाही.

"आज केंद्र बंद आहे," चाळणी म्हणाली.

"गुरुवारी असतंच. म्हणून तर गुरुवारी फिरता येतं. बाकीचे दिवस केंद्र टाकून येऊ कशी?"

"म्हणजे सुट्टीच्या दिवशी काम करता."

"तुम्हीही दिसताय कामावर."

"फॉर्मवर तुम्ही लिहिता की रुग्ण केंद्रात आहे."

"लिहीत नाही. टिक करते."

"टिक म्हणजे लिहिणंच, सिस्टर."

"बाई, तिथे चौकोन दोनच. 'मान्य केंद्र' किंवा 'इतर'. इतर दाबलं की पडदा लाल होतो आणि डॉक्टरांची लाइनच उघडत नाही. थांबा, दाखवते." तिने दाखवले. पडदा खरेच लाल झाला. चाळणी रोज ते फॉर्म पाहत होती, पण ते भरून झाल्यावरचे. भरतानाचा लाल रंग तिने आज पहिल्यांदा पाहिला.

"लाइन उघडावी म्हणून खोटी टिक केली, असंच ना?"

"खोटं कसं? खाली शेऱ्यात लिहिते की मी. प्रत्येक वेळी. रुग्ण घरी आहे म्हणून."

चाळणीने यादी काढली. यादीत नाव, तारीख, वेळ, केंद्र, रक्कम. शेरा नव्हता. छापील यादीत शेरे येत नसत.

"कुठल्या शेऱ्यात?"

"फॉर्मच्या तळाशी. 'शेरा असल्यास लिहावा.' मला असतो, मी लिहिते." सिस्टरने चहाचा घोट घेतला. "दीड वर्ष झालं. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा वाटलं, नाही म्हणतील, नोटीस काढतील. तीन आठवड्यांनी दावा मंजूर होऊन आला. मग मी समजले की तुम्ही लोकांनी वाचलंय आणि तुमची हरकत नाही. डॉक्टरांनाही सांगितलं मी. म्हटलं, विम्यात कोणीतरी समजूतदार माणूस बसलंय."

चाळणीने हातातला कप पायरीवर ठेवला.

"यांना खाली केंद्रात नाही आणता येत? महिन्यातून दोनदा?"

"मागच्या वर्षी एकाला आणला. खुर्चीत बसवून चौघांनी, या पायऱ्यांवरून. पोचला तेव्हा ओठ जांभळे. डॉक्टर पडद्यावरून म्हणाले, हा असा का दिसतोय? मी म्हटलं, डॉक्टर, तुम्हाला दिसावा म्हणून आणलाय, म्हणून असा दिसतोय."

"असे किती आहेत?"

"सात. मागच्या वर्षी अकरा होते."

"बाकीचे चार..."

"बरे झाले नाहीत," सिस्टर म्हणाली. मग पदरात हात पुसावेत तसे तिने दोन्ही तळवे गुडघ्यांवर पुसले. "बाई, सरळ विचारते. माझं कंत्राट जाणार का?"

"मला आधी शेरे बघावे लागतील."

"म्हणजे बघितले नाहीत?"

चाळणीने यादीची घडी घातली. सिस्टर उठली, टॅबलेट काखेत मारला आणि पुढच्या गुरगुरीच्या दिशेने चालू लागली. तिला अजून दोन घरे करायची होती.

शुक्रवारी चाळणी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. पहिला दावा उघडला. फॉर्मच्या तळाशी, जिथे नजर सहसा पोचत नाही तिथे, एक छोटा बाण होता. बाण दाबला की शेरा उलगडायचा.

'रुग्ण घरी. प्राणवायू चालू. उठवल्यास ऐंशीच्या खाली जातो.'

दुसरा: 'रुग्ण घरी. आज स्वतः दाढी केली.'

'रुग्ण घरी. पत्नी विचारते उताणे झोपवू का. डॉक्टर नको म्हणाले.'

'रुग्ण घरी. सल्ला चालू असताना सुरुंग उडाला, दोन मिनिटे काही ऐकू आले नाही. तेवढा वेळ वजा धरावा.'

या ओळीपाशी ती थांबली. दोन मिनिटे वजा धरावीत, असे आपणहून कळवणारा माणूस तिला सव्वीस वर्षांत भेटला नव्हता.

एक्केचाळीसही शेरे 'रुग्ण घरी' असेच सुरू होत होते. सगळे वाचून झाल्यावर तिने दुसरी गोष्ट पाहिली. प्रत्येक दाव्याच्या वरच्या कोपऱ्यात मंजूर करणाऱ्याचा क्रमांक असतो. सतरा. सतरा. सतरा. मध्ये तीन दाव्यांवर नऊ. त्या आठवड्यात मामंजींच्या डोळ्याचे ऑपरेशन होते आणि ती रजेवर होती. उरलेले अडतीस दावे सतरा क्रमांकाचे. सतरा म्हणजे ती स्वतः.

बाण दाबणे आपण कधी सोडले, हे तिने आठवून पाहिले. असा एखादा दिवस सापडला असता तर बरे झाले असते. चाळीस दावे होते तेव्हा ती प्रत्येक बाण दाबायची. साठ झाले तेव्हाही. शंभराच्या पुढे कधीतरी बोट तिकडे जायचे थांबले. कोणी थांब म्हटले नव्हते. तिलाही कळले नव्हते.

"काय निघालं?" वसुलीने डबा टेबलावर ठेवत विचारले.

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने दोन-तीन शेरे वाचले, मग कोपऱ्यातला आकडा पाहिला, आणि चाकाची खुर्ची वीतभर मागे घेतली.

"सतरा म्हणजे..."

"हो."

"अगं आई गं." तो हळू आवाजात बोलू लागला. "मग टिपण सोपं ठेवा, बाई. केंद्र बंद, टिक केंद्राची, नोंद सिस्टरची. तीन ओळी. शेरा यादीत छापला जात नाही, आणि साहेबांना तो बाण काही माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला अडतीस वेळा माहीत नव्हता. आणखी एकदा नसला तर काय बिघडतं?" आपण जास्त बोललो हे त्याच्या लक्षात आले. "तसं नाही. मी तुमच्या भल्याचं सांगतोय. दोन वर्षं राहिलीत तुमची."

"एक वर्ष अकरा महिने."

"बघा. मोजताय ना?"

नियमात फरक स्पष्ट होता आणि तो तिला पाठ होता. माहिती दडवली असेल तर शिक्षा. माहिती दिली, पण चुकीच्या जागी दिली, तर समज देऊन दुरुस्ती. सिस्टर पहिल्या कलमात बसते की दुसऱ्यात, हे शेऱ्यांवर ठरणार होते. आणि शेरे दाखवायचे तर पुढचा प्रश्न आलाच: ते ऑफिसात आले, मग कोणी वाचले? ताकाला जाऊन भांडे लपवता येणार नव्हते.

रविवारी तिने मामंजींना सांगितले. सांगायचे ठरवले नव्हते. थेंब एकाच डोळ्यात दोनदा पडले आणि त्यांनी विचारले की आज लक्ष कुठे आहे.

त्यांनी डोळे मिटूनच गालावर ओघळलेला थेंब पुसला.

"पेन्शन कापतील?"

"नाही. ज्ञापन देतील. बहुतेक टेबल बदलतील."

"चार लोकांत नाव जाईल."

"जाईल."

"माझ्या वेळी एकाने असं सांगितलं होतं. कार्यालयाचंच प्रमाण-वजन झिजलंय म्हणाला. म्हणजे ज्याने आम्ही सगळ्या बाजाराला दंड केले तेच. मी त्याच्याशी सहा महिने बोललो नाही." त्यांनी एक डोळा उघडला. "बरोबर होता तो. पण फार राग आला होता मला."

"म्हणजे सांगू की नको?"

"मला काय विचारतेस? तू ठरवूनच आलीयस. सांग. फक्त नंतर घरी येऊन माझ्यावर भांडी आपटू नकोस."

सोमवारी अकरा वाजता साहेबांनी टिपण वाचले. पहिला परिच्छेद, दुसरा. तिसऱ्यावर ते थांबले आणि मोठ्याने वाचू लागले.

"'सदर एक्केचाळीस दाव्यांत रुग्ण घरी असल्याचे परिचारिकेने प्रत्येक वेळी लेखी कळवले आहे. त्यांपैकी अडतीस दावे खाली सही करणाऱ्या तपासनीसाने मंजूर केले. मंजूर करताना शेरे वाचले गेले नाहीत.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "बाई, असं कोणी लिहितं का?"

"काय चुकलंय?"

"चुकलं नाही. पण 'नजरेतून निसटले' असं लिहिता येतं. माणूस आहे, निसटतं."

"निसटायला आधी नजर जावी लागते, साहेब. मी बाण दाबलाच नाही."

"फक्त या अडतीस वेळा ना?"

"नाही. दीड-दोन वर्षं. दिवसाला एकशे साठ."

साहेबांनी चष्मा काढला. ते मनात गुणाकार करत होते आणि आकडा वाढत जाताना त्यांच्या तोंडावरचा मऊपणा कमी होत होता.

"हे वर गेलं की त्या सिस्टरचं प्रकरण राहत नाही. सगळ्या ऑफिसचं होतं. बाकीच्या टेबलांवर कोण बाण दाबतंय, हे विचारतील. मला विचारतील. मला तर बाण आहे हेच माहीत नव्हतं."

"मी दाखवते."

"नको!" ते जवळजवळ ओरडले, मग पुन्हा मऊ झाले. "तिसरा परिच्छेद काढा. मी तिला समज देऊन सोडायची शिफारस करतो. शब्द देतो."

"कशाच्या आधारावर सोडाल? तो परिच्छेद काढला तर तिने माहिती दडवली असं होतं. मग तुम्ही सोडलं तरी वरचे सोडणार नाहीत. तिने दडवलेलं नाही. माझ्याच टेबलावर पाठवलं होतं."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिले. तिथे वाहनतळ होता आणि एक माणूस आपली गाडी दुसऱ्या गाडीमागून बाहेर काढायचा प्रयत्न करत होता. साहेब ते सगळे होईपर्यंत बघत राहिले.

"तुम्हाला काय हवंय, बाई? दोन वर्षं गप बसून काढायची होती."

"मला काही नकोय. पुढे पाठवा."

आदेश यायला तीन आठवडे लागले. दोन पानांचा होता आणि तो तिने सवयीने शेवटपर्यंत वाचला. परिचारिकेने माहिती दडवली नसल्याने तिला लेखी समज, कंत्राट कायम. एक्केचाळीस दाव्यांची रक्कम डॉक्टरांच्या पुढच्या दाव्यांतून वळती. सतरा क्रमांक बंद. तपासनीसाने लेखी खुलासा करावा व तूर्त आवक टेबलावर बसावे. केंद्र बंद असेल त्या दिवशी डॉक्टरांची लाइन यापुढे उघडणार नाही. आणि शेवटचे कलम: गैरसमज टाळण्यासाठी शेऱ्याचा रकाना फॉर्ममधून वगळण्यात येत आहे.

वसुलीने तिच्या खांद्यावरून वाचले.

"रकानाच काढला," तो म्हणाला. "रोग गेला नाही, रोगी गेला." मग त्याला आपणच काय बोललो ते ऐकू आले असावे. तो तिची उशी घेऊन आवक टेबलापर्यंत सोडायला आला.

आवक टेबल दाराशी होते. येणारा प्रत्येक लिफाफा उघडायचा, वाचायचा, तारखेचा शिक्का मारायचा, वहीत नोंदवायचा, ज्याचा त्याच्याकडे पाठवायचा. तिने तिथून सिस्टरला फोन लावला. मागे गुरगुर आणि सुस्कारा ऐकू येत होता, तेव्हा तिला आठवले की आज गुरुवार आहे.

"सिस्टर, विम्यातून बोलतेय. तुमचं कंत्राट राहिलं."



"राहिलं?"

"समजपत्र येईल. त्यावर सही करून परत पाठवा. बाकी काही नाही."

"बरं झालं." तिच्या आवाजात मात्र सुटल्यासारखे काही नव्हते. "बाई, आज सकाळपासून लाइन उघडत नाहीये. केंद्राचा चौकोन दाबूनसुद्धा."

"बंद दिवशी आता उघडणार नाही. बाकीच्या दिवशी रुग्ण केंद्रात असेल तर."

"म्हणजे मला ठेवलं आणि यांना काढलं."

चाळणीने शिक्क्याची तारीख बघितली. ती बरोबर होती.

"डॉक्टर साध्या फोनवर बोलतील का? त्याचे पैसे त्यांना मिळणार नाहीत, पण..."

"बोलतायत ना. सुरुंगवाल्याच्या बायकोच्या फोनवर आत्ता तेच आहेत. कापलेत ना हो त्यांचे पैसे? तरी बोलतायत. पण त्यांना दिसत नाही. ओठ कसे आहेत विचारतात. मी म्हणते निळसर. मग विचारतात, किती निळसर? आता किती निळसर ते मी कसं सांगू बाई? कशासारखं सांगू?"

चाळणीने आवकची वही पुढे ओढली.

"तुम्ही हे पत्रात लिहा," ती म्हणाली. "आज काय विचारलं, काय सांगता आलं नाही. तारीख घालून. दर गुरुवारी एक. विम्याच्या पत्त्यावर पाठवा."

"वाचणार कोण? मागचं कोणी वाचलं?"

"मागचं मी वाचलं नाही," चाळणी म्हणाली. "अडतीस वेळा मंजूर केलं, ते मीच. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

सिस्टर रागावली की नाही, ते गुरगुरीत कळायला मार्ग नव्हता.

"आता मी आवकला आहे. इथे आलेला कागद उघडून वाचावाच लागतो. नोंदवला की वरच्यांना तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं."

"आणि नाही दिलं तर?"

"तर मी स्मरणपत्र काढते."

"आणि त्यालाही नाही दिलं तर?"

"दुसरं काढते. एक वर्ष दहा महिने आहेत माझ्याकडे."

"इथे कोणाकडे एवढे आहेत ते मला विचारू नका," सिस्टर म्हणाली. मग तिने श्वास सोडला. "पत्ता लिहून पाठवा. थांबा, डॉक्टर बोलावतायत."

तिने फोन ठेवला नाही, नुसता बाजूला टाकला असावा. कारण तिचा आवाज लांबून येतच राहिला. "हो डॉक्टर, खिडकीपाशी आणलाय. नाही, नखं नाहीत, ओठच. खालचा जास्त. कसं सांगू... शाई सांडून, मग पुसून, तरी डाग राहतो ना, तसा. नाही, पुसल्यानंतरचा." थोड्या वेळाने फोन कट झाला.

दारातून टपाल आले. अठ्ठावीस लिफाफे. चाळणीने वरचा घेतला आणि फाडला.